नवरा जित्ता असताना

मार्चमध्ये इथे अमेरिकेत, आमच्या टाउनच्या फायरहाउसमध्ये खुर्चीत बसून मी डोक्यावरचे सगळे केस काढले. सेंट बाल्ड्रिक्सचा कार्यक्रम होता. लहान मुलांच्या कॅन्सरच्या संशोधनासाठी त्यात पैसे जमवतात. फोटो दारव्ह्याकडच्या घरच्या ग्रुपवर गेला आणि चुलतसासऱ्यांचा ऑडिओ आला : "नवरा जित्ता असताना बाईनं डोकसं भादरलं, शोभते काय? अन् तिकडल्या श्रीमंताइले पैसे कायले? इथल्या पोट्ट्याइले द्या ना."

काकाजी, माझी पोर सहा वर्षांची होती. तिचे केस गळायला लागले तेव्हा ती उठायच्या आत मी लिंट रोलर फिरवून उशी साफ करायचे. तिच्यासोबत आपणही केस काढावेत असं तेव्हाच वाटलं होतं. धीर झाला नाही. लोक काय म्हणतील? आणि हे लोक म्हणजे तुम्ही, इतक्या लांबचे. इथे कुणी काही म्हणालं नसतं. परवा माझ्यानंतर त्याच खुर्चीत तिच्या सॉकरचे कोच बसले, मग तिच्या वर्गातल्या दोन मुली. आपल्याकडे बाईच्या केसांवर अख्ख्या आळीचा हक्क.

आणि "तिकडलं" संशोधन म्हणजे काय? तिला कॅन्सरवरचं जे व्हिन्क्रिस्टीन नावाचं औषध द्यायचे, ते सदाफुलीपासून काढतात. तुमच्या विहिरीजवळ आपोआप उगवते ना, तीच. १९४७ मध्ये बोस्टनला डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, मुलांना अमिनोप्टेरिन देऊन पाहिलं. ते औषध यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतलं, आणि सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. त्याआधी ही मुलं हातची जायचीच. आता माझ्या पोरीला झालेल्या प्रकारात इथे दहातली नऊ जगतात. माझी जगली नाही. उरलेल्या एकासाठी मी पैसे मागते, आणि मागत राहणार.

पण "इथल्या पोट्ट्याइले" हे मात्र लागलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. आपल्या घरापासून तिसऱ्या घरातला पोरगा. रक्ताचा कॅन्सर. नागपूरच्या दोन फेऱ्या झाल्या, बैलजोडी विकली, तिसऱ्या फेरीला गाडीभाडं आणि मुक्कामाचा खर्च जुळला नाही. औषध होतं, तेच सदाफुलीचं. बैलजोडी तुम्हीच घेतली होती, काकाजी. आणि मी? जाऊबाईंनी फोनवर सांगितलं, मी "अरेरे" म्हटलं आणि त्याच फोनवर लोणच्याच्या मसाल्याचं प्रमाण विचारलं. माझी पोर तेव्हा दोन वर्षांची होती, धडधाकट.

दिवाळीत गावी येते आहे. केस तोवर कानापर्यंत येतील. डोक्यावर पदर घेणार नाही. आधी त्या पोराच्या बापाच्या ओसरीवर जाऊन बसायचं आहे. काय बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही.