संघटना सुटते, मग संध्याकाळचं काय करायचं?

चळवळ सोडलेल्या माणसाला लोक हमखास विचारतात, "विचार पटेनासा झाला का?" माझ्यापुरतं सांगायचं तर विचार बराचसा अजूनही पटतो. झेपेनासं झालं ते एवढंच, की विचाराबाहेर मला काही उरलंच नव्हतं.

मी पूर्णवेळ कार्यकर्ती होते. संघटनेचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. फोन उचलला की 'हॅलो'च्या जागी 'जिंदाबाद'. दिवाळीच्या सुट्टीत शिबिर. लग्न साथीशीच, नोंदणी पद्धतीने, आणि मंगलाष्टकांऐवजी चळवळीची गाणी. दोघींचं स्वयंपाकावरून वाजलं तरी बैठकीत त्याची आत्मटीका व्हायची. कुणी जबरदस्ती केली नव्हती. उलट फार सुखाचे दिवस होते ते. जिल्ह्याच्या कुठल्याही गावात रात्री बारा वाजता जा, कुणीतरी साथी दार उघडून पिठलं टाकणार. नातेवाइकांच्या घरी हे सुख मला कधी मिळालं नाही.

म्हणूनच बाहेर पडल्यावर आदळायला होतं. वाद होतात, राजीनामा देतो, तो भाग सोपा. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी बैठक नसते तेव्हा खरं कळतं. वाळीत वगैरे कुणी टाकत नाही हं, आपण पुरोगामी! फक्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढतात आणि तिसऱ्याला सांगतात, "ती सध्या संसारात रमलीय."

मला याबाबतीत छात्र युवा संघर्ष वाहिनीचं फार कौतुक वाटतं. जयप्रकाश नारायणांनी १९७५ साली तरुणांची ही संघटना काढली आणि सदस्यत्वाला वयाची तिशीची अट घातली. तीस झाली, व्हा बाहेर! बोधगयेत मठाच्या ताब्यातली जमीन भूमिहीनांना मिळावी म्हणून लाठ्या खाल्लेली पोरंपोरी असोत, नियम सगळ्यांना तोच. त्यामुळे बाहेर पडणं ही गद्दारी ठरत नव्हती, ते वाढदिवसासारखं येणारच होतं. बाहेर पडलेल्यांना एकटेपण आलं नसेल असं मी म्हणत नाही. पण "का सोडलंस?" याचा खुलासा तरी त्यांना द्यावा लागला नाही.

रॉयवाद्यांनी तर पुढची पायरी गाठली. मानवेंद्रनाथ रॉय आधी कॉमिन्टर्नमधून, म्हणजे कम्युनिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून, हाकलले गेले, मग काँग्रेसमधून बाहेर पडले, मग स्वतःचा रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष काढला आणि डिसेंबर १९४८ मध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनात तोही विसर्जित केला. पक्ष गेला, पण माणसांची गाठ सुटली नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांच्यातलेच. पुढे वाईला त्यांनी मराठी विश्वकोश उभा केला. नोंदी लिहिणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना तिथे एकच घोषणा द्यावी लागत नव्हती, नोंद बरोबर आहे की नाही एवढंच पाहायचं होतं. पक्षाबाहेर पडलेल्या माणसाला याहून चांगली जागा मला सुचत नाही.

माझ्या नशिबी विश्वकोश नव्हता, हौशी नाटकाचा ग्रुप होता. शेजारणीने नेलं. राज्य नाट्य स्पर्धेची तयारी चालू होती आणि प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरचं सामान, सांभाळायला माणूस हवा होता. सतरंज्या घालण्या-उचलण्याचा माझा अनुभव दांडगा, लगेच भरती झाले. दिग्दर्शक नेमका त्या पक्षाचा कट्टर समर्थक, ज्याच्याविरुद्ध मोर्चे काढण्यात माझी उमेद गेली. पहिल्याच आठवड्यात चहाच्या वेळी मी त्याला मुद्देसूद झोडायला सुरुवात केली. आकडेवारीसकट. सगळे बिस्किटं खात शांतपणे ऐकत होते. मग प्रकाशयोजनावाला म्हणाला, "ताई, ते ठीक आहे, पण दुसऱ्या अंकातला कंदील कुठंय?"

राग आला होता. आपल्या भूमिकेवाचून कुणाचं काही अडत नाही, हे पचायला वेळ लागतो. इथे मी कोणत्या बाजूची हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याने फरक पडत नाही. तालमीला उशीर झाला तर मात्र तोंडाला येईल ते ऐकवतात.

आता खोटं कशाला बोलू, हे त्या दिवसांसारखं नाही. या ग्रुपमधलं कुणी माझ्याबरोबर जेलमध्ये येणार नाही. स्पर्धा संपली की तीन-चार महिने कुणाचं तोंड दिसत नाही. दिग्दर्शकाचं राजकारण मला आजही घातक वाटतं आणि मतदानाच्या दिवशी आम्ही एकमेकांची मतं कापतो. पण एकमेकांशिवाय प्रयोग उभा राहत नाही, म्हणून रात्री टेम्पोत लेव्हल, म्हणजे नेपथ्याचा लाकडी चौथरा, चढवताना एक टोक त्याच्या हातात असतं, दुसरं माझ्या.

आता संघटनांना एक सांगायचंय, त्यात माझी जुनीही आली. तुमच्याकडचा पूर्णवेळ कार्यकर्ता चाळिशीत बाहेर पडतो तेव्हा त्याच्याकडे पीएफ नसतो, ग्रॅच्युइटी नसते आणि बायोडेटात दहा-पंधरा वर्षांच्या जागी भोक असतं. मुलाखतीत "इतकी वर्षं काय करत होतात?" याला "क्रांती" असं उत्तर चालत नाही. त्याने शिबिरं भरवलेली असतात, वर्गणीचा पै-पैचा हिशेब ठेवलेला असतो, माहिती अधिकाराचे अर्ज आणि अपिलं लिहिलेली असतात, तहसीलदारापासून मंत्र्यापर्यंत शिष्टमंडळं नेलेली असतात. एवढं सगळं लेटरहेडवर लिहून, खाली सही-शिक्का मारून त्याच्या हातात द्या. मतभेद झाले असतील तरी द्या. कामगारांच्या अनुभवाच्या दाखल्यांसाठी आपण मालकांच्या दारात धरणी धरली आहेत, विसरलात का?