"रंगसुद्धा आता हेच ठरवणार?" : तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. ओरॅकल ई-बिझनेस सूट या तुमच्या कंपनीची खरेदी-साठा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधला, पाच वर्षं वापरातला तुमचा जांभळा स्क्रीन आम्ही न विचारता काढला, आता तो परत लावताही येत नाही, आणि 'नुसते रंग बदलायचे' तुमच्या कंपनीकडून दिवसभराचे पैसे घेतले, असं तुमचं म्हणणं. शेवटी जाता जाता लिहिलंय की लाल आणि ऑलिव्ह (शेवाळी हिरवा) तुम्हाला जवळपास सारखेच दिसतात. ही ओळ खरं तर पहिली हवी होती, म्हणून उत्तर तिथूनच देतो.

चूक आमची आहे. प्रोडक्शनला (रोजच्या खऱ्या कामाची सिस्टिम) लाल आणि टेस्टला (सरावाची सिस्टिम) ऑलिव्ह ही जोडी मीच ठरवली. लाल म्हणजे 'जपून', हे कुणालाही कळतं, एवढाच विचार केला. पण लाल-हिरव्यात गोंधळ होणारी माणसं, विशेषतः पुरुष, मोठ्या ऑफिसात असतातच, आणि ऑलिव्ह नेमका त्या गोंधळातलाच रंग. डब्ल्यूसीएजीच्या, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तर स्पष्ट आहे की कुठलीही माहिती फक्त रंगाच्या भरवशावर सोडू नये. आम्ही नेमकं तेच केलं. 'साइट नेम' ही प्रोफाइल (सॉफ्टवेअरमधली एक सेटिंग) भरली की विंडोच्या वरच्या पट्टीत 'टेस्ट' असं लिहून येतं. दोन मिनिटांचं काम, तेही राहिलं.

सगळ्यांना एकच रंग या सक्तीबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. ओरॅकल ई-बिझनेस सूटमध्ये फॉर्म्सचा (एंट्री करायच्या विंडोंचा) रंग 'जावा कलर स्कीम' या प्रोफाइलवरून ठरतो. ती साइटला, म्हणजे सगळ्यांसाठी एकच, भरली तरी यूजरच्या नावावर वेगळा रंग असेल तर यूजरचाच चालतो. शिवाय टेस्ट म्हणजे प्रोडक्शनचं क्लोन. डेटाबेस उचलून तिकडे ठेवला की लोकांच्या आवडीनिवडीही सोबत जातात. म्हणजे तुमचं प्रोडक्शनही जांभळं आणि टेस्टही जांभळं. पाच वर्षं काही घडलं नाही, हे तुमचं नशीब आणि तुमची शिस्त.

दुसऱ्या एका कारखान्यात घडलं. स्टोअरचे एक जुनेजाणते गृहस्थ दोन विंडो उघडून बसले होते, दोन्हींचा रंग एकच. नवीन माणसाला शिकवायचं म्हणून त्यांनी टेस्टमध्ये चारशे स्टील पट्ट्यांचा मिसलेनियस इश्यू (साठ्यातून माल वजा करणारी एंट्री) मारला. ती विंडो प्रोडक्शनची होती. रात्री साठा बघून खरेदी सुचवणारं प्लॅनिंग चाललं आणि सकाळी खरेदी विभागापुढे पट्ट्या मागवायची सूचना हजर. रॅकपाशी जाऊन पाहिलं तर पट्ट्या जागच्या जागी. एंट्री उलटवायला दहा मिनिटं लागली, पण त्या गृहस्थांचा उतरलेला चेहरा मी विसरलो नाही. तेव्हापासून प्रत्येक क्लायंटकडे मी यूजरच्या नावावरचे रंग काढतो आणि एडिट मेन्यूतल्या प्रेफरन्सेसमधून तो बदलायची सोय बंद करतो.

बिलाचा हिशोब इथे मांडत नाही, तो तुमच्या आयटी विभागाकडे आहे. एवढंच सांगतो की रंग निवडायला पाच मिनिटंही लागत नाहीत. यूजरपातळीवरची जुनी मूल्यं शोधून काढणं आणि दर क्लोननंतर टेस्टचा रंग आपोआप बसेल अशी स्क्रिप्ट लिहून तपासणं, यात दिवस गेला. तुम्हाला आधी एक ईमेल मात्र जायला हवा होता. तो गेला नाही, त्याबद्दल माफी.

आता प्रोडक्शन निळं आणि टेस्ट खाकी करतोय. लाल-हिरव्याचा घोळ असणाऱ्यांनाही निळा आणि पिवळसर हे रंग सहसा वेगळे ओळखू येतात. दोन्हीकडे पट्टीत नावही येईल. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या सेल्फ-सर्व्हिसच्या पानांवर या रंगांचा परिणाम होत नाही, तिथे सध्या पत्ता बघूनच काम करा.

सोमवारी सकाळी लॉगिन केल्यावर नवे रंग दिसतील. फॉर्म्सची विंडो उघडीच ठेवली असेल तर ती पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर जुनाच रंग राहील. निळा-खाकीही तुम्हाला एकसारखे वाटले तर हेल्पडेस्कला सांगा. मी स्वतः येऊन तुमच्या शेजारी बसतो आणि तुम्हाला ओळखू येईल ती जोडी सगळ्यांना लावतो.

जांभळा तेवढा मागू नका.

– संचालक