विजयदुर्गचा हेलियम आणि ‘उपयोग काय?’ हा प्रश्न : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. विजयदुर्गच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. दोन ओळींत आटपण्यासारखी ती नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, लॉकियर नावाच्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने तिथल्या कट्ट्यावरून ग्रहण पाहताना तो लावला, ही आपल्याकडे हौसेने सांगितली जाणारी गोष्ट खरी नाही, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की हे उकरून हाती काय लागलं? बारावीला असलेल्या तुमच्या पुतण्याला इंग्रजी हवं, कॉम्प्युटर हवा, चारचौघांत बोलण्याचा धीर हवा. कुतूहल ही भरल्या पोटाची चैन. शिवाय गावाला अभिमानाने सांगायला एक गोष्ट होती, तीही मी काढून घेतली.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो मला लागला.

18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहण आपल्या किनाऱ्यावरून गेलं, हे अगदी खरं. पुढे जमखंडी, विजापूर, गुंटूर असा त्याचा पट्टा मछलीपट्टणकडे गेला. जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांच्या वर्णपटातल्या (म्हणजे उजेड फोडल्यावर दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्यातल्या) रेषा त्याला इतक्या ठळक दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात असं त्याच्या मनाने घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याने त्या पाहिल्यासुद्धा. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. 20 ऑक्टोबरला, कुठलंही ग्रहण नसताना, त्याने आपल्या यंत्रातून त्याच ज्वाळांच्या रेषा टिपल्या. त्यांतली एक पिवळी रेष पुढे हेलियमची ठरली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे चेहरे कोरलेलं पदक काढलं. लॉकियर भारतात आला तो 1871 च्या ग्रहणासाठी, केरळातल्या बेकल किल्ल्यावर.

आता सांगा, यातलं मोठं काय? सूर्याच्या त्या ज्वाळा पाहायला ग्रहणाची वाट बघण्याची गरज उरली नाही, हे! त्याआधी ती संधी काही मिनिटांची असे आणि तीही ढगांच्या मर्जीवर. लॉकियरला विजयदुर्गच्या कट्ट्यावर बसवून हाती ग्रहण दिलं, की त्याच्या कामाचा प्राणच निघून जातो. आणि ऑगस्टातलं आपलं आभाळ तुम्हाला मी काय सांगावं? ‘ऐन पावसात विलायतेहून इथे कोण दुर्बीण लावायला येईल?’ हा प्रश्न देवगडच्या पोराला सहज पडू शकतो, लंडनच्या पोराला नाही. ज्याने अशा पावसात छपरावरची कौलं सारखी केली आहेत, त्याच्याकडे हे ज्ञान आहेच. ते वापरायला त्याला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

पोटाचा मुद्दा मला मान्य आहे. घरात पैसा नसताना पोराने आधी मुंबईची वाट धरावी, कुतूहलाचं नंतर बघावं, असं म्हणणाऱ्या आईबापांना मी नावं ठेवणार नाही. पण कुतूहल ही चैन हे पटत नाही. लॉकियर लंडनच्या युद्ध खात्यात कारकून होता. पोट नोकरीवर चालायचं, सूर्य उरलेल्या वेळात. आपल्याकडचं बघा. कोकणातल्या सड्यावरची, म्हणजे खडकाळ पठारावरची, कातळात कोरलेली शिल्पं गुराख्यांना, शेतकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. सुधीर रिसबूड पेशाने अभियंता. ते आणि धनंजय मराठे, प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई ही मंडळी कामधंदा सांभाळून गावोगाव विचारत फिरली, कातळ तुडवला. 2022 मध्ये कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, कुडोपी ही नावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. या माणसांनी स्वतःला सुधारायला घेतलं नव्हतं. त्यांना त्या दगडावरची रेघ समजून घ्यायची होती. त्या नादात ती भूगोल शिकली, नकाशे शिकली, अनोळखी माणसाशी बोलायला शिकली.

म्हणूनच व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासबद्दल माझी तक्रार आहे. तिथे मुलाला सतत स्वतःकडेच बघायला लावतात: मी कसा उभा राहतो, कसा बोलतो, किती मागे आहे. बोलण्यासारखं त्याच्याकडे काही आहे का, हे कुणी विचारत नाही. एखाद्या गोष्टीच्या मुळाशी जाऊन आलेला मुलगा अडखळत बोलला तरी लोक ऐकतात.

तुमच्या ‘उपयोग काय’ला मी एमआरआय यंत्राकडे बोट दाखवू शकलो असतो. त्यातले चुंबक गार ठेवायला द्रवरूप हेलियम लागतो. पण तो युक्तिवाद मला प्रामाणिक वाटत नाही, कारण बहुतेक कुतूहलातून असं यंत्र निघत नाही. 1895 मध्ये रॅम्झी या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाला एका युरेनियमच्या खनिजात हेलियम सापडेपर्यंत, म्हणजे तब्बल 27 वर्षं, तो फक्त सूर्याच्या उजेडातली एक पिवळी रेष होता. तरीही माणसं तिच्यामागे होतीच.

उपयोग मला दुसरीकडे दिसतो. आज मोबाइलवर ‘विजयदुर्ग हेलियम’ शोधा. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने उचललेलं, तेच वाक्य पुन्हा पुन्हा भेटेल. औषध, कर्ज, जमिनीचा व्यवहार, नोकरीचं आमिष, सगळं आता याच वाटेने घरात येतं. ‘हे कशावरून?’ असं विचारायची सवय विजयदुर्गपासून लागली तर ती सात-बारापर्यंत उपयोगी पडेल.

पुतण्यासाठी एक काम सुचवतो. बुटांच्या खोक्याच्या एका बाजूला ब्लेडने बारीक फट पाडायची, समोरच्या बाजूला आत जुन्या सीडीचा तुकडा तिरका लावायचा आणि वरून बघायला भोक ठेवायचं. साध्या पिवळ्या बल्बचा अखंड रंगीत पट्टा दिसेल, सीएफएलच्या सुट्या सुट्या रेषा. मग मोठ्या माणसाच्या देखत गॅसच्या निळ्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकायचं. उठणारा पिवळा रंग सोडियमचा, 589 नॅनोमीटरच्या आसपासचा. हेलियमची रेष 587.6 ला, इतकी शेजारी की ती सोडियमची नव्हे हे ओळखायलाच बारकाईची नजर लागली. सूर्याकडे मात्र त्यातून बघू देऊ नका. त्याला काय दिसलं ते त्याने स्वतः इथे लिहावं, चित्र काढून पाठवलं तरी चालेल. मी उत्तर देईन.