सिकाई घेतलेल्या आजीजवळ नातवंडं जाऊ शकतात

इंदूरमधल्या मराठी मंडळांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: कॅन्सरच्या पेशंटला सिकाई, म्हणजे किरणोपचार, सुरू झाली की त्याच्या अंगातून किरणं निघतात, लहान मुलं आणि गरोदर बायकांना लांब ठेवा, सिकाई म्हणजे डॉक्टरांनी हात टेकल्यावरचा इलाज, आतून सगळं जळतं, केस जातात, वर दुसरा कॅन्सर होतो, तेव्हा बरं वाटू लागलं की बंद करा. खाली ‘जनहितार्थ जारी’. किरणोपचार विभागात नोकरी केल्यामुळे हे सगळं मी नातेवाइकांच्या तोंडून ऐकलेलं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

अंगातून किरणं निघतात? बहुतेक ठिकाणी हा उपचार लिनॅक नावाच्या यंत्रावर होतो. इलेक्ट्रॉनना प्रचंड वेग देऊन टंगस्टनवर आदळवलं की क्ष-किरण तयार होतात. बटण बंद केलं की किरण बंद. जे शरीरात शिरले त्यातले काही आरपार जातात, बाकीचे आपली ऊर्जा पेशींना देऊन संपतात. मागे काहीच उरत नाही. आपल्याच गावात, सुखनिवासकडे, राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ आहे, वेगवान इलेक्ट्रॉन फिरवून त्यांच्यापासून प्रकाश मिळवणारं मोठं यंत्र. तिथे इलेक्ट्रॉनना २५० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत नेतात. हॉस्पिटलातल्या यंत्रात नेहमीचा आकडा ६० लाखांच्या घरातला. झोत थांबला की तिथलाही प्रकाश थांबतो. कोबाल्ट-६०च्या जुन्या यंत्रात किरणोत्सारी गोळी असते खरी, पण ती यंत्राच्या जाड कवचात राहते, पेशंटच्या अंगात जात नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये इरिडियमचा बारीकसा स्रोत नळीतून आत जातो, काही मिनिटं थांबतो आणि परत यंत्रात येतो. पेशंट खोलीबाहेर आली की तिला मिठी मारायला हरकत नाही.

अफवेला आधार कुठून मिळाला तेही सांगते. थायरॉइडच्या कॅन्सरला आयोडीन-१३१ पोटातून देतात, तेव्हा काही दिवस खरंच वेगळं राहावं लागतं. प्रोस्टेटमध्ये काही वेळा किरणोत्सारी दाणे कायमचे बसवतात, त्यांनाही काही काळ सूचना असतात. पण त्या सूचना डॉक्टर स्वतःहून देतात. त्या नसतील तर आजीचं ताट वेगळं करायचं काही कारण नाही. आजारापेक्षा या वेगळ्या ताटाने खचलेल्या बायका मी जास्त पाहिल्यात.

‘शेवटचा इलाज’ हे तर उलटंच आहे. स्वरयंत्राचा कॅन्सर अगदी सुरुवातीला सापडला तर नुसत्या किरणांनी दहापैकी नऊच्या आसपास लोकांची गाठ आटोक्यात येते, आवाजही राहतो. वाढलेल्या आजारातसुद्धा, १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या अभ्यासात, केमो आणि किरणं घेतलेल्या जवळजवळ दोन तृतीयांश रुग्णांचं स्वरयंत्र वाचलं आणि आयुर्मान शस्त्रक्रिया केलेल्यांइतकंच राहिलं. स्तनाची फक्त गाठ काढून स्तन राखायचा असेल तर पुढे बहुतेकींना किरणं घ्यावीच लागतात. हाडात पसरलेल्या आजारात दुखणं कमी करायला एकदाच ८ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) देतात, तो उपचार मात्र शेवटाकडचा असू शकतो. पण रात्री झोप लागावी म्हणून केलेला इलाज म्हणजे हात टेकणं नव्हे.

जळतं, हे अर्धं खरं आहे आणि ते लपवू नये. तोंडाच्या कॅन्सरमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येतं, चव जाते, कातडी काळवंडते. लाळ कमी होते आणि तो कोरडेपणा वर्षानुवर्षं टिकू शकतो. नंतर दाढ काढली तर जबड्याची जखम कधीकधी भरत नाही, म्हणून आधीच दात तपासून घेतात. गुटख्याने खराब झालेले दात असतील तर हे टाळूच नका. केस मात्र जिथून किरण जातात तिथलेच गळतात. छातीला सिकाई घेतली म्हणून डोक्याचे जात नाहीत. दुसऱ्या कॅन्सरचा धोका खरा आहे, पण लहान, आणि बहुधा बऱ्याच वर्षांनी येणारा. मुलांच्या बाबतीत डॉक्टर तो फार तोलतात. साठीतल्या माणसाच्या जिभेवर आज गाठ असेल तर हिशेब वेगळा.

आणि ‘बरं वाटलं की बंद करा’. या एका वाक्यासाठी हे लिहायला बसले.

तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये साधारण ६६ ते ७० ग्रे ३३ ते ३५ वेळांत विभागून देतात, आठवड्यातून पाच दिवस. विभागून अशासाठी, की किरण पेशींच्या डीएनएचे तुकडे करतात आणि मधल्या वेळात निरोगी पेशी ते जितके सांधून घेतात तितकं कॅन्सरच्या पेशींना जमत नाही. चौथ्या आठवड्यात गाठ हाताला लागत नाही, तेव्हा घरच्यांना वाटतं झालं. पण उरलेल्या पेशी नेमक्या त्याच सुमारास जोराने वाढू लागतात. म्हणून उपचार लांबला तर दर दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता अंदाजे एक टक्क्याने घटते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये सगळं मिळून आठ आठवड्यांत संपवायचं असतं, तेही याचसाठी. महिन्याभराने परत येऊन राहिलेला डोस पूर्ण केला तर तो तेवढा उपयोगी पडत नाही.

घरी लग्न आहे, गणपती आहेत, ताप आला, तर विभागात आधी सांगा. चुकलेली सिकाई शनिवारी घेता येते, किंवा एकाच दिवशी दोनदा, मध्ये किमान सहा तास ठेवून. ते गणित तिथला फिजिसिस्ट (किरणांच्या डोसचा हिशेब करणारा तज्ज्ञ) आणि डॉक्टर मिळून करतात.