‘हौस’ या एका शब्दाबद्दल

इंजिनिअरिंग आणि नाटक या दोहोंतून मी वस्तूंचा डिझायनर कसा झालो, यावरच्या माझ्या लेखाला आलेली आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. टीका करण्याचा आपला अधिकार मला मान्य आहे. मात्र ‘इंजिनिअरिंग पोटासाठी आणि नाटक हौसेसाठी, या दोहोंची मोट बांधून कोणी डिझायनर होत नाही’ हे वाक्य ज्या सुरात लिहिले आहे, तो सूर मला लागला. बारा वर्षे हेच काम करणाऱ्या माणसाशी असे बोलू नये.

आपली एक दुरुस्ती बरोबर आहे. पामपायलट हे खिशात मावणारे संगणकयंत्र १९९६ साली, तेव्हा ‘पायलट’ या नावाने, बाजारात आले, मी १९९५ लिहिले होते. ते बदलले आहे. पण त्याच परिच्छेदातला मुद्दा आपण सोडून दिला. ते यंत्र घडवणारे जेफ हॉकिन्स स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर, तरी यंत्र तयार होण्याआधी त्यांनी त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात बाळगला आणि बैठकांत तो काढून त्यावर लिहिल्याचा अभिनय केला. तालमीत खोट्या प्रॉपर्टीने, म्हणजे नाटकात हाताळायच्या वस्तूंनी, काम करणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

राहिला ‘हौस’ हा शब्द. राज्य शासनाच्या ज्या नाट्यस्पर्धेने मराठी रंगभूमीला कितीतरी नट आणि दिग्दर्शक दिले, तिच्या नावातच ‘हौशी’ आहे. कुसुमाग्रज आणि कानेटकरांच्या नाशिकमध्ये राहून आपण तो शब्द हिणवण्यासाठी वापरावा, याचे मला खरोखर वाईट वाटले. मेकॅनिकलला असताना चार वर्षे मी विंगेत उभा राहून प्रॉपर्टी सांभाळली आहे. नटाची नजर समोरच्या पात्रावर असताना त्याच्या हाताला न बघता काठी सापडली पाहिजे, हे मी तिथे शिकलो. वर्गात ते कोणी शिकवले नाही.

सातपूरच्या एका कारखान्यात आम्ही द्राक्षबागेसाठी पाठीवरचा फवारणी पंप करत होतो. फवारणीच्या बंदुकीच्या मुठीखालच्या खटक्याची स्प्रिंग मी स्वतः गणित करून ठरवली होती आणि ते गणित अचूक होते. तरीही मी सभागृहात दोऱ्या बांधून मांडव केला, पंपात १६ लिटर पाणी भरले, ओले रबरी हातमोजे घातले आणि सहकाऱ्याला ओळीतून चालायला लावले. तिसऱ्या फेरीत, मान वर करून घडांकडे पाहत असताना त्याचा अंगठा खटक्यापर्यंत पोहोचेना, म्हणून त्याने डावा हात पंपाला दाब देणाऱ्या दांड्यावरून काढून खटका सोडवला आणि पंपाचा दाब गेला. बागेत माणसाची नजर सतत वर असते, हे माझ्या कागदावर कुठेच नव्हते. आम्ही खटका मुठीच्या बाजूला, अंगठ्याखाली आणला. याला आपण हौस म्हणणार असाल, तर आपण एकही तालीम नीट पाहिलेली नाही, असेच मला म्हणावे लागेल.

लेखाची लांबी आणि माझी ‘आत्मस्तुती’ यांवरच्या आपल्या शेऱ्यांना उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. खटक्याच्या जागेबद्दल काही म्हणणे असेल तर अवश्य लिहा, मी सविस्तर उत्तर देईन.