चार महिने गॅसच्या गोळ्या

अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या किती बायका जगतात, वय आणि देशानुसार त्यात काय फरक पडतो, यावरचा एक लेख वाचला. त्यात अमेरिकेतले आकडे दिलेत: अंडाशयाचा कॅन्सर तिथल्या तिथे असताना सापडला तर पाच वर्षांनी १०० पैकी ९० हून जास्त बायका हयात, लांब पसरल्यावर सापडला तर जेमतेम ३०. आमची तासगावची आत्या उशिरा सापडलेल्यांतली. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत तिचं पोट फुगायचं, दोन घासांत भरल्यासारखं व्हायचं, लघवीला सारखं जावं लागायचं. चार महिने गॅसच्या गोळ्याच. सांगलीत सोनोग्राफी झाली तेव्हा पोटात पाणी झालेलं, तिसरी स्टेज, म्हणजे कॅन्सर पोटात पसरलेला. वय ५८.

तरुण मुलींचे आकडे बरे दिसतात, कारण त्यांच्या गाठी पुष्कळदा वेगळ्या प्रकारच्या असतात, आणि मोठं ऑपरेशन, केमो त्यांना झेपते. देशादेशांतल्या आकड्यांत फरक का पडतो ते मात्र मला आत्याच्या केमोसाठीच्या दर तीन आठवड्यांच्या एसटी प्रवासात दिसलं. तिच्यासोबत सुरुवात केलेल्या दोघी मध्येच यायच्या थांबल्या.

हा कॅन्सर लवकर सापडावा म्हणून "दरवर्षी रक्त तपासा" हा लेखातला सल्ला पटला नाही. ब्रिटनमध्ये २ लाख बायकांच्या अभ्यासात त्यातल्या काहींवर तसं करून पाहिलं. २०२१ च्या निकालात मृत्यू कमी झालेले नव्हते. म्हणून मी भावकीत प्रत्येकीला सांगते, पाळी गेल्यावर पोट दोन-तीन आठवडे फुगलेलंच राहिलं तर आधी सोनोग्राफी मागा.