‘भारताचा रॉथ्को’? आधी तारखा बघा

लिलावात चित्रकार गायतोंडेंचं चित्र विकलं गेलं की तोच मजकूर पुन्हा फिरायला लागतो: ‘वासुदेव गायतोंडे म्हणजे भारताचा मार्क रॉथ्को. न्यूयॉर्कला गेले, रॉथ्को पाहिला आणि परत येऊन तसंच रंगवू लागले.’ रॉथ्को म्हणजे रंगाचे मोठाले चौकोन रंगवणारा अमेरिकन चित्रकार. लिहिणाऱ्याला ही तुलना कौतुक वाटते, म्हणून जास्त खटकते.

रॉकफेलर फेलोशिपवर गायतोंडे न्यूयॉर्कला गेले १९६४ मध्ये. माणसं, वस्तू वगैरे त्यांच्या चित्रांतून पन्नासच्या दशकाअखेरीसच हद्दपार झाल्या होत्या. त्याआधी स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले पचवून झाला होता. न्यूयॉर्कच्याच मोमा (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) या संग्रहालयात त्यांचं ‘पेंटिंग ४’ आहे. साल १९६२. म्हणजे विमानात बसायच्या आधीचं!

आता ‘तसंच’. रॉथ्को पातळ रंगाचे थर ब्रशने एकावर एक चढवत जायचा. त्याचे चौकोन कडांशी विरघळतात, तरंगतात. गायतोंडे रोलर फिरवायचे, पॅलेट नाईफने, म्हणजे रंगकामाच्या बोथट सुरीने, रंग खरवडून काढायचे, कागदाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचे. एकाचं काम चढवण्याचं, दुसऱ्याचं निम्मं काम काढून घेण्याचं. म्हणून गायतोंडेंच्या चित्रात अक्षरांसारखे, पण कुठल्याच लिपीत नसलेले आकार वर येतात. मोबाइलच्या पडद्यावर दोन्हीकडे नुसता रंगच दिसणार, त्याला इलाज नाही.

‘दोघांचं अध्यात्म एकच’ हेही त्या फिरत्या मजकुरात असतंच. रॉथ्को १९०३ चा, रशियन साम्राज्यातल्या द्विन्स्कचा, दहाव्या वर्षी अमेरिकेत आलेला. आपला विषय शोकांतिका, उन्माद, विनाश या मूळ मानवी भावना, असं तो स्वतःच सांगायचा. गायतोंडे त्याच्याहून एकवीस वर्षांनी लहान, मूळचे गोव्याकडचे, गिरगावच्या चाळीत वाढलेले, झेन बौद्धमत आणि मुंबईचे अद्वैती गुरू निसर्गदत्त महाराज यांच्या विचारात रमलेले. तिथे शोकांतिका कुठे शोधायची?

न्यूयॉर्कने त्यांना काहीच दिलं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. १९६८ पासून त्यांचे कॅनव्हास उभे झाले. ते रॉथ्कोमुळे की चिनी-जपानी गुंडाळीचित्रांमुळे, यावर खुशाल भांडा.

साम्य हवंच असेल तर एक घ्या. ‘अमूर्त चित्रकार’ हे बिरुद दोघांनाही नको होतं. रॉथ्को ते सरळ झिडकारायचा. गायतोंडे म्हणायचे, माझी चित्रं ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कुठल्याही वस्तूचं चित्रण नसलेली, आहेत.